काय म्हणतेय ती?

कसबा पेठेतल्या त्या शाळेत कांताबाई एकवीस वर्षं शिपाईकाम करत होत्या. सकाळी साडेसहाला फाटक उघडायचं, वर्ग झाडायचे, पाण्याची टाकी भरायची, घंटा द्यायची, लहान वर्गातल्या एखाद्याची चड्डी ओली झाली तर बदलायची. मुलं त्यांना मावशी म्हणत. तीन मुख्याध्यापिका आल्या नि गेल्या. कोणत्या वर्गाची कडी अडकते आणि कोणत्या बाईंना बिनसाखरेचा चहा लागतो हे ठाऊक असलेल्या कांताबाई मात्र तिथेच होत्या. एवढं असूनही आपल्या नातीला शाळेत घ्या असं म्हणायला त्यांची जीभ दोन वर्षं रेटली नाही.

नात कल्याणी सात वर्षांची. जन्मल्यावर ती बराच वेळ रडलीच नव्हती, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाय एकमेकांत अडकायचे, उजवी मूठ उलगडायची नाही, हनुवटी सतत ओली. बोलायची, पण शब्द गालात अडकून जड होऊन बाहेर पडायचे. तिचं बोलणं जगात दोघींनाच कळे. आजीला सगळं, आणि आईला, म्हणजे कांताबाईंच्या लेकीला दीपालीला, बरंचसं. दीपालीचा नवरा मुलगी दीड वर्षाची असतानाच निघून गेला होता. ती कर्वेनगरात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांची सेवा करायला त्यांच्याच घरी राहायची आणि रविवारी तेवढी मंगळवार पेठेतल्या खोलीवर यायची.

आजी शाळेत गेली की शेजारच्या सुंदराबाई कल्याणीकडे बघत. मग सुंदराबाई आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या, आणि कल्याणी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत कुलपाआड, टीव्हीसमोर पडून राहू लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा मुलांची एक शाळा होती. तिथे दोन बस बदलून जावं लागे, शाळेची गाडी पेठांमध्ये येत नसे, आणि स्वतः संडासला जाणारी मुलंच आम्ही घेतो, असं तिथल्या बाईंनी फाटकातच सांगितलं. लोणी काळभोरच्या पुढे एक निवासी संस्था होती. तिथे जागा होती, पण दीपालीने त्या संस्थेचं नाव पुन्हा घरात काढू दिलं नाही.

शेवटी एका मे महिन्यात, कपाटं पुसता पुसता, कांताबाईंनी राजवाडे मॅडमपुढे विषय काढला.

सोनाली राजवाडे मुख्याध्यापिका होऊन तीन वर्षं झाली होती. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो कांताबाई, एका वर्गात पंचावन्न मुलं आहेत हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, आपणच बाकं मोजता. पण कायदा म्हणतो कोणालाही नाही म्हणू नका. आता कायद्यापुढे मी कोण?"

कांताबाईंना तो होकार वाटला, आणि होताही. जूनमध्ये दुसरीच्या पटावर कल्याणीचं नाव चढलं. दीपालीने गणवेश आणला, त्याची बटणं काढून चिकटपट्टी शिवली. पंधरा मिनिटांची वाट कांताबाई नातीला कडेवर घेऊन चालल्या. मूल वजनाला बरंच झालं होतं, तरी त्यांना त्या दिवशी जाणवलं नाही.

वर्गात तिला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं. आठ दिवस ती तिथे बसली. मुलं एका सुरात पाढे म्हणू लागली की हिला आनंद आवरत नसे, ती मोठ्याने ओरडे. बाई थांबत, मुलं हसत, पुन्हा पहिल्यापासून. आठव्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईने लिहिलं की या मुलीबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण आमच्या मुलांचं नुकसान होतंय, आणि लाळेतून काही पसरत असेल तर? खाली सव्वीस जणांनी अंगठे दिले.

नवव्या दिवशी राजवाडे मॅडमनी कांताबाईंना बोलावून सांगितलं, की चार दिवस तिला तुमच्याजवळच ठेवा, लोक जरा शांत झाले की बघू.

कांताबाईंजवळ म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. झाडू, फिनेलचे कॅन, मोडकी बाकं, वर एक जाळीचा झरोका. दुसरीचा वर्ग आणि ही खोली यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत होती. कांताबाईंनी एका बाकाचे पाय ठोकून नीट केले, भिंतीला टेकवलं, पाठीशी उशी दिली. चार दिवसांचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. घरी कल्याणीलाही बजावलं, की आईला हे बोलायचं नाही. बोललीस तर शाळा बंद. कल्याणीने मान हलवली. शाळा बंद होण्याइतकी दुसऱ्या कशाचीच तिला भीती नव्हती.

चार दिवस सरले, गणपती आले नि गेले, दिवाळी झाली. हजेरीच्या वेळी बाई कल्याणीचं नाव घेत आणि भिंतीपलीकडून ती जीव खाऊन "हजर" म्हणे. तो आवाज ऐकून वर्ग खो खो हसे. मग बाईंनी नाव पुकारणं सोडून दिलं, नुसती खूण करू लागल्या. महिन्याचे सगळे दिवस हजर.

भिंतीला कान लावून पोरगी शिकत होती. सहा महिन्यांत तिचे दहापर्यंत पाढे झाले, पुस्तकातल्या कविता पाठ झाल्या, पलीकडे कोण उत्तर चुकतंय हेही ती आवाजावरून सांगू लागली. कांताबाई बादली पालथी घालून तिच्यासमोर बसत आणि ऐकत. एकदा राहवलं नाही म्हणून त्यांनी वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, की ऐकून ऐकून पोपटही म्हणतो, मावशी.

त्या खोलीत कांताबाईंच्याही हातून काही गोष्टी घडल्या. घंटांच्या मध्ये त्यांना वरच्या मजल्यावर जावं लागे, आणि तेवढ्यात कल्याणीला लघवीला झाली तर सगळंच भिजे. म्हणून त्यांनी सकाळी तिला पाणी देणं बंद केलं. ती पाणी मागे, त्या दोन वाजता देऊ म्हणत. एकदा शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कोणी पाहुणे आले असताना ती कविता मोठ्याने म्हणू लागली तर त्यांनी तिच्या तोंडावर हात दाबून धरला. तिने तो चावला. त्यांनी एक फटका दिला, आणि मग दिवसभर फरशी पुसताना ज्या हाताने मारलं त्याकडे बघायचं टाळत राहिल्या.

जानेवारीत शिक्षण खात्याच्या विशेष शिक्षिका येणार असल्याचं पत्र आलं. अशा मुलांची प्रगती बघायला या बाई शाळाशाळांतून फिरत. बिलकिस शेख त्यांचं नाव. एकटीकडे चाळीस शाळा. आदल्या दिवशी राजवाडे मॅडमनी कांताबाईंना थांबवून घेतलं.

"उद्या तिला स्वच्छ आंघोळ घालून आणा. पहिल्या बाकावर बसवू. आणि हे बघा, जूनपासून साफसफाई बाहेरच्या एजन्सीला द्यायचं संस्थेच्या मनात आहे. मी आपल्यासाठी शब्द टाकलाय. उद्या सगळं नीट पार पडू द्या."

दुसऱ्या दिवशी कल्याणी पहिल्या बाकावर बसली. फळा एवढा मोठा असतो हे तिने कित्येक महिन्यांनी पाहिलं. शेजारच्या मुलीला तिचा हात धरायला सांगितलं होतं. ती मुलगी तो दोन बोटांनी धरून बसली होती. कल्याणीच्या तोंडावरचं हसू काही केल्या मिटत नव्हतं, आणि त्यामुळे लाळ जास्तच गळत होती. कांताबाई मागे उभ्या राहून रुमालाने पुसत होत्या.

बिलकिस मॅडम बाकाशेजारी गुडघ्यावर बसल्या. चेहरा दमलेला होता पण बोलायची घाई नव्हती. त्यांनी नाव विचारलं, आवडता रंग विचारला, आणि सहज विचारलं, सात दुणे किती? कल्याणीने उत्तर दिलं. बिलकिस मॅडमनी वर बघितलं.

"काय म्हणतेय ती?"

"चौदा म्हणते," कांताबाई म्हणाल्या.

"अरे वा." आठ त्रिक विचारलं, नऊ चोक विचारलं. प्रत्येक वेळी कल्याणी बोले, कांताबाई सांगत, आणि उत्तर बरोबर निघे. बिलकिस मॅडम मनापासून खूश झाल्या. कल्याणीशी इतका वेळ बोलणारं हे पहिलं परकं माणूस.

"कल्याणी, तू रोज इथेच बसतेस?"

राजवाडे मॅडम दाराशी उभ्या होत्या. वर्गशिक्षिका खडूची पेटी नीट लावू लागल्या. कल्याणीने मान जोरात हलवली, पण तिची मान नेहमीच हलत असे, त्यातून हो की नाही ते कोणाला कळावं? मग तिने सगळा जोर लावून, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. नाही. मी झाडूच्या खोलीत बसते. मला रोज इथं बसू द्या.

"काय म्हणतेय?"

कांताबाईंच्या हातातला रुमाल थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

"हो म्हणते," त्या म्हणाल्या. "रोज इथंच बसते, इथं बरं वाटतं, म्हणते."

बिलकिस मॅडमनी लिहून घेतलं. कल्याणी मान वळवून आजीकडे बघत राहिली. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. कांताबाई म्हणाल्या, दमली आहे आता. फोटो काढला गेला, टाळ्या झाल्या. मधल्या सुट्टीनंतर कांताबाईंनी नातीला उचललं आणि जिन्याखाली आणून बसवलं.

संध्याकाळी राजवाडे मॅडम जाता जाता म्हणाल्या, "आपण शाळेची लाज राखलीत."

त्या दिवसापासून कल्याणीने आजीशी बोलणं टाकलं. रडली नाही, रुसून जेवण सोडलं नाही. पाणी, भूक, शी, एवढे तीन शब्द तिने ठेवले. कांताबाई बादलीवर बसून म्हणत, म्हण की ग पाढा. ती भिंतीकडे तोंड करून बसे. रविवारी दीपाली आली की तिच्या मांडीत शिरून ती काहीबाही कुजबुजे, पण खोलीचं तिने आईलाही सांगितलं नाही. शाळा बंद होईल, असं तिला सांगितलेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. कल्याणी पास होती, शेरा होता 'वर्गात छान रमते.' त्याच आठवड्यात कांताबाईंना कार्यालयात बोलावलं. साफसफाई एजन्सीकडे गेली होती. राजवाडे मॅडमना फार वाईट वाटत होतं, त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. कागद पुढे सरकवले आणि जिथे जिथे बोट ठेवलं तिथे कांताबाईंनी सही केली. चार ठिकाणी. मग त्यांनी विचारलं, की जूनमध्ये कल्याणीला किती वाजता आणू?

मॅडमनी कागद सारखे करत सांगितलं, की तिसरीचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. तिला वर नेणार कोण, संडासला नेणार कोण? आपण होतात म्हणून वर्षभर निभावलं.

कांताबाई घरी आल्या. रात्रभर विचार करायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कल्याणीला कडेवर घेतलं, शिक्षण खात्याचं कार्यालय विचारत विचारत शोधलं आणि बिलकिस मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. खोली, प्लायवुडची भिंत, हजेरीतली खूण, सकाळचं पाणी. फटकाही सांगितला. बिलकिस मॅडम ऐकत होत्या, मध्येच त्यांनी कपाटातून जानेवारीचा अहवाल काढून समोर ठेवला होता.

"मावशी, त्या दिवशी मी तुमच्यासमोर विचारलं होतं ना? तुम्ही जे सांगितलंत तेच मी लिहिलंय. आता मी तक्रार केली तर ते हाच कागद माझ्यापुढे धरतील."

"तेव्हा मी खोटं सांगितलं. आत्ता खरं सांगते."

बिलकिस मॅडम उठून कल्याणीजवळ आल्या. तिला खुर्चीत बसवलेलं होतं. जानेवारीत बसल्या होत्या तशाच त्या गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आजी म्हणतात तू झाडूच्या खोलीत बसायचीस. खरं आहे का?"

कल्याणीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. चार महिन्यांत ती आईखेरीज कोणाशीच एवढं सलग बोलली नव्हती. तीन शब्द होते, पण ते बाहेर काढायला तिला बराच वेळ लागला.

"काय म्हणतेय ती?"

कांताबाईंना वाटलं, आत्ता 'खरं आहे म्हणते' असं म्हटलं की काम होईल. या बाईंना काय कळणार आहे? पोरीचंच भलं होईल. त्यांनी तोंड उघडलं, आणि पोरगी टक लावून आपल्याच ओठांकडे बघते आहे हे त्यांना दिसलं.

"आजी खोटं बोलते, म्हणते," कांताबाईंनी सांगितलं.

बिलकिस मॅडम उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, अहवाल पुढे ओढला. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी शिक्के मारत होतं. मग त्यांनी विचारलं, "आता यातलं मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

तरी बाई प्रामाणिक होत्या. जून उजाडताच त्या न कळवता शाळेत गेल्या. जिन्याखालच्या खोलीत एजन्सीच्या कामगारांचे डबे ठेवलेले होते. भिंत रंगवून घेतलेली होती. राजवाडे मॅडमनी त्यांना चहा दिला आणि एक अर्ज दाखवला. मुलीला शाळेत ने-आण करणं जमत नसल्याने तिचं शिक्षण घरीच व्हावं, नाव पटावर राहू द्यावं, अशी पालकांची विनंती. खाली कांताबाईंची सही. बिलकिस मॅडमनी फोन करून विचारलं, ही सही तुमचीच का? कांताबाईंना चार ठिकाणं आठवली, कागदावर टेकलेलं मॅडमचं ते नीट कापलेलं नख आठवलं. हो, माझीच, असं त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्या अर्जामुळे घरी येऊन शिकवणाऱ्या बाई ठरल्या, आठवड्यातून एकदा. त्या दोनदा आल्या, चेंडू पकडायला लावला आणि पुन्हा फिरकल्या नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी कांताबाईंनी दीपालीला सगळं सांगून टाकलं. दीपाली कल्याणीचे केस विंचरत होती. तिने विंचरणं थांबवलं नाही.

"मला एकदा सांगायचंस, आई."

"शाळा बंद होईल असं वाटलं ग."

"मग चालू कधी होती?" दीपाली म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर ती आईशी बोलली नाही.

कांताबाईंना एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम मिळालं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कल्याणी पुन्हा कुलपाआड गेली. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्यांनी दार ढकललं तर ते उघडेना. पोरगी कॉटवरून पडून सरपटत दारापर्यंत आली होती आणि तिथेच अडकून पडली होती. कपाळ सुजलं होतं, परकर सकाळपासून ओला होता. हाक मारली असती तर शेजारी कोणी आलं असतं. तिने हाक मारली नव्हती. दीपालीने तो आठवडा कसाबसा काढला, आणि पुढच्या रविवारी तिने स्वतःच्या हाताने बॅग भरून कल्याणीला लोणी काळभोरच्या पुढच्या त्या संस्थेत नेऊन ठेवलं.

कांताबाई दोन महिन्यांनी पहिल्यांदा भेटायला गेल्या. बस सोलापूर रस्त्याने तासभर चालली. संस्था वाईट नव्हती. स्वच्छ फरशी, लांब पडवी, भिंतीला धरायला दांडे. कल्याणी चाकाच्या खुर्चीत बसली होती, केस बारीक कापलेले. आजी दिसल्यावर तिने मान वळवली नाही, आणि हसलीही नाही.

मुलांची देखभाल करणाऱ्या द्वारकाताई हातात तक्ते घेऊन तिथेच बसल्या होत्या. त्यांनी कांताबाईंना पाणी दिलं आणि म्हणाल्या, की बरं झालं आलात. गावातली शाळा आमची सहा मुलं घ्यायला तयार झाली आहे, सोमवारपासून. वर्गात बसवतो म्हणालेत, खरंखुरं. पण जी मुलं बोलतात, थोडं तरी सांगू शकतात, तीच पाठवता येतील.

"ही पाठवा," कांताबाई म्हणाल्या. "हिला पाढे येतात, कविता येतात. सगळं बोलते ही."

"हिची आईपण तेच म्हणाली होती. पण दोन महिन्यांत एक शब्द ऐकला नाही हो आम्ही. हाक मारली तर बघते, खायला दिलं तर खाते, बास."

कांताबाई खुर्चीसमोर खाली बसल्या. त्यांनी नातीची न उलगडणारी मूठ हातात घेतली. तिने ती काढून घेतली नाही, नुसती राहू दिली.

"कल्याणी, म्हण बाळ. सात दुणे? या ताईंना सांग. सोमवारी शाळेत नेणार आहेत तुला. मी नाही येणार तिथं. तू एकटी. बोल की."

कल्याणीला ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. शाळा म्हटल्यावर तिचे डोळे हलले, ते कांताबाईंनी पाहिलं. ओठही एकदा हलले. मग तिने द्वारकाताईंकडे पाहिलं, त्या काय ऐकू येतंय म्हणून पुढे झुकल्या होत्या, आणि पुन्हा आजीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटून घेतले.

"बोलते हो ती," कांताबाई म्हणाल्या. "शपथेवर सांगते. मला सगळं कळतं तिचं."

"कळत असेल," द्वारकाताई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. पडवीच्या दुसऱ्या टोकाला जेवणाची ताटं मांडायला सुरुवात झाली होती. मग त्यांनी तक्त्यावर कल्याणीच्या नावापुढे 'बोलत नाही' असं लिहिलं, आणि खुर्ची वळवून तिला जेवायला घेऊन गेल्या.